उकळत्या चहावरून मला बदललं

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आता तो कागदावरच जमतो.) तुमचा खोकला कसा आहे? बरा नसेल तर आधी बऱ्या व्हा, कारण तक्रार तुमच्या धाकट्या भावाची आहे आणि ती ऐकायला अंगात ताकद हवी.

लांबच्या एका गावातल्या फुटबॉल क्लबने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलं आहे. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि हे गृहस्थ बाल्कनीत बसून वाळत घातलेल्या कपड्यांची हालचाल बघतात. खेळायचे तेव्हाही असेच. बाकीचे चेंडूमागे धावायचे आणि हे मोकळ्या गवताकडे बघत उभे, जणू तिथे कुणी येणार आहे. मी मैदानाशेजारच्या कॉन्व्हेंटच्या वरच्या खिडकीतून बघायचे. (सभ्य मुली खिडकीबाहेर बघत नाहीत, असं सिस्टर म्हणायच्या. मी सभ्यपणे बघायचे.) पुढे यांचा गुडघा गेला, क्लबने बाकावर बसवलं, आणि तिथे यांना कळलं की मोकळी जागा दुसऱ्यालाही दाखवता येते. यांनी शिकवलेले संघ करंडक जिंकू लागले. वर्तमानपत्रांनी त्याला डावपेच म्हटलं. मी आळस म्हणत होते, अजूनही म्हणते.

निवृत्तीनंतर यांच्या संघात उरले मी एकटी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभे राहतात, आत येत नाहीत. प्रशिक्षकाने रेषा ओलांडायची नसते म्हणे. (भांडी घासायच्या वेळी ही शिस्त फार कडक असते.) गेल्या आठवड्यात जुन्या क्लबची मंडळी आली. मी चहा उकळत होते. यांनी उंबऱ्यावरून हात वर केला, "दमलीस, बाहेर ये," म्हणाले आणि शेजारच्या शिंपीणबाईंना आत पाठवलं. माझ्याच घरात, पाहुण्यांदेखत मला बदललं. वर त्या बाईंना, "साखर डावीकडे, सावकाश होऊ द्या." मला इतक्या वर्षांत कधी सावकाश म्हणाले नाहीत.

मी तणतणत बाल्कनीत जाऊन बसले. ऊन उतरत होतं. समोरच्या मैदानात कुणी नव्हतं, नुसतं गवत वाऱ्याने एका अंगाला झुकत होतं. भांडण मी तयार ठेवलं होतं. हे शेजारी येऊन बसले, लांबच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, "तिथून कुणी आलं तर अडवता येणार नाही." मीही बघत राहिले. वन्सं, खरंच कुणीतरी यायच्या बेतात आहे असं वाटलं. किती वेळ गेला कळलं नाही. मग चहा आला. तो माझ्या चहापेक्षा चांगला होता, हा अपमान वेगळा.

अशा माणसाला या वयात कोण बोलावतं, तुम्हीच सांगा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे परवडेल ते.

तुमची भावजय
(सध्या राखीव)

ता. क. काल ते मित्राला फोनवर सांगत होते, "नाहीच म्हणणार आहे. हिचे गुडघे दुखतात, तिकडे जिने फार." माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणखी ता. क. रविवारच्या आत फोन करून त्यांना जायला सांगा. मी 'जा' म्हटलं की त्यांना वाटतं रागाने म्हणतेय. (बहुतेकदा तसंच असतं.) माझं नाव काढू नका. तिकडच्या क्लबच्या चिटणिसांशी बोलून तळमजल्यावरची खोली मी दोघांसाठी ठरवून ठेवली आहे. पलंग मात्र दोन वेगळे मागितलेत, झोपेत ते अजून पायाने चेंडू मारतात.