परत घ्यायची सही

घोडेगाव,
बुधवार, ता. ४ डिसेंबर १९४६

माझी धाकटी बहीण मुक्ता हिला थोरल्या आक्काचा येशूच्या नावाने सलाम आणि गालावरून हात.

तुझा दमा कसा आहे? थंडीत छातीला ओव्याची पुरचुंडी शेकत जा. इकडे आम्ही बरी आहोत.

सगळ्यात आधी आनंदाची बातमी. शांतवन चालला! माझा नातू चालला गं मुक्ते! सोमवारी दवाखान्यात त्याच्या पायाचं पलस्तर कापलं आणि काल सकाळी तो उंबऱ्यापासून शेळीच्या खुंट्यापर्यंत काठीशिवाय आला. मी धार काढत होते, तांब्या कलंडला. कलंडू दे म्हटलं. मी तिथंच टाळ्या पिटल्या, तर शेळी माझ्याकडे अशी बघायला लागली की ही म्हातारी येडी झाली. लेकराचे आईबाप साखर कारखान्यावर, त्यांना शेजारच्या कारभारीकडून निरोप धाडलाय. नाताळासाठी खोबरं आणून ठेवलंय, करंज्या यंदा दुप्पट करणार.

तू म्हणशील, आक्काने दीड महिना अबोला धरला आणि आता शेळीच्या गोष्टी सांगते. खरं आहे. तू रंगुबाईच्या तोंडी निरोप धाडला होतास, “पोराचा पाय आज ना उद्या बरा हुईल, पर माझ्या जॉर्जची मास्तरकी गेली तर परत मिळायची न्हाई.” रंगुबाईला मी चहा पाजला आणि तशीच परत पाठवली. त्याचं उत्तर आज देते.

तुझा जॉर्ज नगरच्या बोर्डिंगात मास्तर झाला, पोरांचा फुटबॉल क्लब काढला, तेव्हा गावात गूळ मी वाटला होता. का नाही वाटणार? तुझ्या बाळंतपणात त्याला माझ्या पायांवर घेऊन मी न्हाऊ घातलंय. म्हणून तर शांतवनला तिथं ठेवला. घरचा माणूस आहे, मावशीच्या नातवाला जपेल, असं मला वाटलं.

आता नीट ऐक, कारण तुला त्याने निराळं सांगितलं असणार.

दसऱ्याच्या सुमाराला त्याने आपली पोरं कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांशी खेळवली. आपली पोरं अकरा-बारा वर्षांची, अनवाणी. ते बापे, पायात खिळ्यांचे बूट. साहेब लोक खुर्च्या टाकून बसले होते आणि चांगला खेळ झाला तर बक्षिसाची ढाल देऊ म्हणाले होते. एका सोजिराचा बूट शांतवनच्या नडगीवर बसला. नंतर मी त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईंना तो म्हणाला, “वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला.” लेकरू खाली बसलं, तर जॉर्जने धोतराची चिंधी फाडून पाय आवळला आणि म्हणाला, “ऊठ. साहेब बघत्यात.” मुक्ते, त्याने मोडल्या पायावर लेकराला शिट्टी होईपर्यंत उभं केलं. ढाल मिळाली. तिचा फोटोही निघाला.

नंतर आठ दिवस पोरगं खोलीत चटईवर पडून. ना डाक्टर, ना घरी निरोप. ढालीची मिरवणूक होती ना! पाय काळानिळा होऊन मडक्यागत सुजला. बाकीची पोरं का बोलली नाहीत, ठाऊक आहे? क्लबात घेताना तुझ्या लेकाने एकेकाचा हात शुभवर्तमानाच्या पुस्तकावर ठेवून शपथ घेतली होती, की क्लबातली गोष्ट क्लबातच राहील, जो बोलेल तो देवाचा खोटा आणि बोर्डिंगातून बाहेर. हे ऐकलं तेव्हा मला खरंच ओकारी आली गं. मागच्या दारी जाऊन चूळ भरली, तरी तोंडाची कडू चव जाईना. ज्या पुस्तकावर मी साठीला आल्यावर अक्षरं गिरवली, त्यावर असले हात!

तुझ्या निरोपाचीही मला शिसारीच आली. बहीण आहेस म्हणून गोड करून लिहीत नाही.

आता माझं. हे लिहायला मी तीनदा टाक खाली ठेवला.

नवव्या दिवशी जॉर्ज टांग्यातून शांतवनला घेऊन आला. पाय फडक्यात गुंडाळलेला. माझ्यासाठी बुंदीचे लाडू, आणि तो फोटो. “मावशे, चिंचेवरनं पडला गं तुझा नातू. वानरच हाय निस्तं!” मी हसले. मग त्याने कागद काढला. “क्लबाच्या दप्तरात पालकाची सही लागती. अंगठा देतीस का?”

अंगठा! मडमसाहेबांच्या वर्गात सहा महिने पाटी घासली होती मी. ‘बनुबाई’मधली शेवटची ई मला दोन महिने येत नव्हती. मी म्हटलं, “अंगठा देणारी बनुबाई मेली रे, टाक आण.” पदराला हात पुसले आणि ऐटीत पुरं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. कागदावर काय लिहिलंय ते वाचता आलं असतं मला. हळूहळू, पण आलं असतं. मी नुसतं माझ्याच नावाकडे बघत बसले.

कागदात लिहिलं होतं की मुलगा झाडावरून पडला, खेळात इजा झाली नाही, आणि क्लबाबद्दल आजीची तक्रार नाही. मागाहून पाळकसाहेबांनी बोर्डिंगाच्या कमिटीतून ऐकून येऊन मला सांगितलं. नर्सबाईंनी कमिटीला कळवलं होतं, पण त्या कागदावर जॉर्ज सुटला.

शांतवन तेव्हा बाजेवर पडून सगळं बघत होता. नंतर मी विचारलं, “का रं बोलला न्हाईस?” तो म्हणाला, “तू लई खूश हुतीस, आजी.”

शिसारी कुणाकुणाची करू, सांग मला.

वर लिहिलं की तो चालला. चालला, पण पाय दोन बोटं आखूड झालाय. आठ दिवस उशीर झाला म्हणून हाड वाकडं जुळलं, असं डाक्टर म्हणाले. तो थट्टा करतो, “आजी, आता मी डावीकडं आपसूक वळतो, गोलकीपर फसंल.” मी हसते आणि चुलीकडे तोंड करते.

परवाच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीची थाळी माझ्यापुढे आली, मी ती हात न लावता शेजारच्या कडूबाईकडे सरकवली. प्यालाही तसाच. सगळ्या देवळाने बघितलं. कडूबाई कानाशी लागली, “काय गं, कुणाशी वाकडं हाय?” मनात बहिणीशी वाकडं आणि देवापुढे खोटी सही ठेवून मी कशी घेऊ? पाळकसाहेबांनी बाहेर विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बनुबाई, तुमचा कागद तुम्हीच परत मागितला, तर कमिटीला ऐकावं लागेल.”

येत्या शनिवारी पुन्हा कॅम्पावर सामना आहे. शांतवनच्या जागी जॉर्जने कारभारीच्या गहिनीनाथला घेतलाय. अकरा वर्षांचा आहे गं, अजून दुधाचे दात पडतायत त्याचे. कारभारीला मी काल सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला का लिवता-वाचता येतंय, मावशे? तुमच्या सहीवर तर म्या पोरगं सोडलं.”

म्हणून परवा शुक्रवारी, बाजारातून नगरला जाणाऱ्या मोटारीने मी आणि कारभारी जाणार. कमिटीपुढे म्हणणार की ही सही माझी, पण वरचा मजकूर खोटा. जॉर्जची मास्तरकी जाईल. जाऊ दे. हमाली करू दे, दुकान टाकू दे, पोट भरायला पुष्कळ कामं आहेत. लेकरं त्याच्या हाती नकोत. तू मला शाप देशील, तेही ठाऊक आहे. तुला पाठीमागून कळू नये म्हणून आधी तुला लिहून आजच रंगुबाईच्या हाती धाडते. शुक्रवारी तू नगरच्या मोटार अड्ड्यावर आलीस, तर तुझा हात धरून आत जाईन. नाही आलीस तरी जाईनच.

हे पत्र मी स्वतः दोनदा वाचलं. मग शांतवनला मोठ्याने वाचायला लावलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “समदं खरं हाय, आजी. आता कर सही.”

म्हणून करते.

तुझी आक्का,
बनुबाई थॉमस साळवे