दुपारी गाणारा जलचर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि तुम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही ताळ्यावर आहे ना? (तिसऱ्याचं खरं उत्तर नको.) माझं ठीक आहे, एवढंच की गेले नऊ दिवस डोळ्याला डोळा नाही. हे पत्रसुद्धा तीनदा उठून, डेकवर चकरा मारून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे पक्ष्यांना आणि माशांना काय त्रास होतो, हे बघायची माझी नोकरी तुला ठाऊकच आहे. (तू शेजारणींना सांगतेस, 'तो शास्त्रज्ञ आहे.' मी पक्षी मोजतो. पण सांगत राहा.) चक्क्या फिरायच्या आधी पक्षी किती आणि नंतर किती, एवढाच हिशेब. दर दहा मिनिटांनी दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. बोटीखाली दोरीला एक पाण्यातला मायक्रोफोन लटकतो. तो काय ऐकतो ते आमच्या मुख्य शास्त्रज्ञ मॅडम तपासतात. बाई कडक, पण कामाला वाघ. तीस वर्षं समुद्र ऐकला आणि हाती लागल्या कोळंब्यांच्या टिचक्या. यंदा निवृत्त होतायत.

तर मॅडमना रेकॉर्डिंगमध्ये एक आवाज सापडला. खोल, संथ, मध्येच शिट्टी, मग लांबलचक शांतता. कुठल्याच यादीत नसलेला प्राणी! आमच्याच बोटीजवळ, दुपारी दीड ते तीन. त्यांनी माझी वही शेजारी ठेवून पाहिली, तर प्राणी गातो तेव्हा पक्षी शून्य. सदतीस दुपारी, एकदाही चूक नाही. 'याच्या आवाजाने पक्षी पळतात' असा सिद्धांत मांडून बाई मोकळ्या झाल्या, आणि नेमक्या नोंदींबद्दल सगळ्या ऑफिससमोर माझी पाठ थोपटली.

ताई, तू मला ओळखतेस. जेवल्यावर मी खालच्या केबिनमध्ये, बोटीच्या तळाला पाठ लावून, पाच मिनिटं आडवा होतो. (उठल्यावर राहिलेल्या रकान्यांत शून्य भरतो. खोटा आकडा लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शून्य म्हणजे काही आकडा नव्हे.) तुझी भावजय बारा वर्षं कानीकपाळी ओरडतेय की मी घोरतो, आणि मी बारा वर्षं शपथेवर नाकारतोय. मॅडमनी तो आवाज मोठ्या स्पीकरवर लावला आणि त्या शिट्टीत मला माझ्या नाकाचं वाकडं हाड ओळखू आलं. पायाखालची जमीन सरकली. (ऑफिसात होतो, म्हणून जमीन.)

नेमक्या त्याच दिवशी चक्क्या सुरू झाल्या. माझी झोप उडाली, म्हणून प्राणी गप्प. आता मॅडम रोज दुपारी बोटीवर येतात, हेडफोन लावून बसतात आणि मी खोकलो तरी डोळे वटारतात. काल डोळे पुसत म्हणाल्या, "गेला रे तो. या चक्क्यांनीच घालवला." सोमवारच्या बैठकीत त्या हेच सांगून साठच्या साठ चक्क्या थांबवायला लावणार. खरं सांगावं तर माझी नोकरी जाते आणि बाईंचं मन मोडतं. न सांगावं तर कधीतरी चारचौघांत त्यांचंच हसं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. पण मी ठरवलंय, आजच सगळं सांगून टाकायचं. खोट्याच्या कपाळी गोटा. लिहूनच हलकं वाटलं.

तुझा
(टक्क जागा) धाकटा

ता. क. भाऊजींच्या झोपेच्या गोळ्यांतल्या चार कुरिअरने पाठव, शनिवारच्या आत. प्राणी एकदा तरी गायला, तर बाईंचा जीव भांड्यात पडेल आणि चक्क्याही वाचतील. खरं काय, नंतरही सांगता येईल.

आणखी एक ता. क. गोळ्या नकोत. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मॅडम समोर येऊन बसल्या, "आजारी आहेस का?" म्हणाल्या, आणि मी सगळं बोलून गेलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ हेडफोनची वायर गुंडाळत राहिल्या. मग माझी वही उघडून एवढंच विचारलं, "मग त्या सदतीस दुपारी पक्षी किती होते?" ताई, मला माहीत नाही. चक्क्या फिरायच्या आधी इथे दुपारी किती पक्षी यायचे, ते आता कोणालाच कधी कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. लाज वाटते. दोन वाजलेत. मॅडम माझी दुर्बीण घेऊन डेकवर उभ्या आहेत आणि स्वतः मोजतायत. मला त्यांनी जा म्हटलेलं नाही, ये असंही नाही.