काचेवरची लाल रेघ

९ जानेवारी

अजून चिमूटभर मीठ. अजून थोडं. मीठ मोजायच्या नळीला डोळा लावून लावून मान धरली, पण निळी कड पस्तिसावर आली एकदाची! अख्खी टाकी टेबलाच्या कोपऱ्यावर मावते. नवरा म्हणाला, "एवढ्याशा डबक्यात समुद्र?" म्हटलं, तुझ्या डोक्यात मावत नाही म्हणून टाकीत मावणार नाही असं थोडंच आहे.

बाबांची खुर्ची मुद्दाम समोर लावलीय. सासऱ्यांना झटका आल्यापासून ते त्या खुर्चीत बसतात ते बसतातच. डॉक्टर म्हणतात, पायात जोर आहे, उठायला हवं. उठत नाहीत. बोलता येतं, बोलत नाहीत. दवाखान्यातून येताना शोभेच्या माशांच्या दुकानासमोर मात्र मान वळवली – आपणहून! तेवढ्यावर मी हा उद्योग मांडलाय.

१० जानेवारी

दुकानदाराने चारचारदा बजावलंय. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून रोज वरून घालायचं ते गोडं पाणी. खारं फक्त आठवड्याला जुनं पाणी काढून बदलताना. हे चुकलं की संपलं सगळं.

काचेवर नेलपॉलिशने लाल रेघ मारली. पाणी तिच्या खाली गेलं की स्वयंपाकघरातून गोडं आणायचं. खाऱ्याची बादली टेबलाशेजारीच, झाकण लावून. रेघ मारत होते तेव्हा बाबा टक लावून बघत होते. नोकरी सगळी शहराच्या पाण्याच्या टाकीवर गेली त्यांची. सासूबाई सांगायच्या, जेवतानासुद्धा यांचं लक्ष पातळीवर!

२ फेब्रुवारी

दगडांवर तपकिरी थर. घाण वास. दुकानदार म्हणतो, "असंच होतं, थांबा." थांबतेय.

१८ फेब्रुवारी

आले! हिरव्या बटणांसारखं प्रवाळ, शंखातला एक खेकडा आणि लाल पट्ट्यांची कोळंबी. कोळंबीचा तोरा असा की तिचं नाव मॅडम पडलं. संध्याकाळी बटणं उघडली, एकेक करत. बाबा खुर्चीत पुढे झुकले होते. झुकले होते! मी नवऱ्याला खुणेने दाखवलं, तर म्हणे, "पाठीला रग लागली असेल." याला मी काय करू?

२२ फेब्रुवारी

वन्सं येऊन गेल्या. वृद्धांच्या त्या केंद्रात एक एप्रिलपासून खोली रिकामी होतेय. "अगं, तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात, हा ऑफिसात. कामाच्या मावशी बारा वाजता जातात. तू येईपर्यंत बाबा एकटे. काही झालं तर?" चुकीचं काय बोलल्या? काहीच नाही, म्हणून तर राग आला. म्हटलं, "ताई, मार्च संपेपर्यंत थांबा. उठतील ते." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "ह्या कोळंबीच्या भरवशावर?"

हो, ह्या कोळंबीच्या भरवशावर! हे सगळं बाबांच्या समोर चाललं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. फार वाईट वाटलं मला.

६ मार्च

टाकीवर काच ठेवल्यापासून पाणी आटतच नाही. कामावरून येऊन बघावं तर पातळी बरोब्बर रेघेवर. एक काम वाचलं!

१२ मार्च

मीठ अडतीस! कसं? नळीच खोटी असेल म्हणून गोडं पाणी घालून तपासली – शून्य. नळी खरी आहे.

अर्धी बटणं मिटलेली आहेत.

१५ मार्च

आज नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. दार लावून, दबक्या आवाजात. आमच्या घरात हल्ली भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. मी म्हटलं, "तूच मीठ टाकतोस. म्हणजे टाकी मरेल, मी हरेन, बाबा जातील, तू सुटशील." तो म्हणाला, "माझे वडील आहेत ते." एवढंच. आणि बाहेर जाऊन बाबांचे पाय चेपत बसला.

जीभ हासडून टाकावीशी वाटली स्वतःची. माफी मागायला गेले तर म्हणाला, "राहू दे, तूही दमलीयस." त्याने रागवायला हवं होतं. ते सोपं गेलं असतं.

१९ मार्च

एक्केचाळीस. बटणं सगळी बंद. मॅडम दगडाखाली आडवी, मिशा तेवढ्या हलतात. बाबा तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. काय सांगू त्यांना? तुमच्यासाठी आणलं आणि मारून टाकलं?

वन्संचा फोन. रविवारी येतायत, बाबांचे कपडे भरायला. "तू मनाला लावून घेऊ नकोस." कसं नको?

२० मार्च

जेवणाच्या सुट्टीत माशांच्या दुकानदाराकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरून पाणी कोण घालतं?"

"कोणीच नाही. आटतच नाही."

"बाई, काच ठेवा नाही तर लोखंडाचा पत्रा ठेवा, पाणी आटणारच. पातळी खाली जात नाही म्हणजे कोणीतरी भरतंय. आणि मीठ चढतंय म्हणजे खाऱ्याने भरतंय."

घरी येऊन बादलीचं झाकण काढलं, तर पाणी तळाला! मी बदलायला घेते ते इतकं नाहीच.

मावशी. दुसरं कोण असणार? सकाळी पुसतापुसता धक्का लागून सांडत असेल आणि भीतीपोटी बादलीतलं घालत असतील. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकते आणि रंगेहाथ पकडते. मग बघते त्यांच्याकडे! दुकानदार म्हणाला, मीठ एकदम उतरवायचं नाही, हळूहळू. रोज थोडं खारं काढायचं, तेवढं गोडं घालायचं. वेळ आहे कुठे आता?

२१ मार्च

मावशी जिन्यातच भेटल्या, घरी निघालेल्या. "बाबांचं जेवण झालंय." म्हणजे हातून निसटल्या! रागारागात वर आले. आवाज न करता किल्ली फिरवली.

बाबा उभे होते.

डावा हात टेबलाच्या कडेवर, उजव्यात प्लास्टिकचा मग. वाकून डोळे लाल रेघेपाशी नेले, थोडं ओतलं, थांबले. पुन्हा थोडं. जमिनीवर सांडलं ते पायाने फडकं सरकवून पुसलं. टाकीवर काच आणि बादलीवर झाकण लावलं. टेबल धरून, मग भिंत धरून खुर्चीपर्यंत गेले. बसताना स्वतःशीच म्हणाले, "बरोबर."

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात बसून पदर तोंडात कोंबून रडले. मग खाली जाऊन, चपला आपटत वर येऊन बेल वाजवली. बाबा खुर्चीत, डोळे मिटून. बनेल माणूस!

वन्संना फोन केला: "या रविवारी. पण कपडे भरायला नाही. दुपारी या, आम्ही दोघं जिन्यातच असू, बेल वाजवू नका."

२२ मार्च

मिठाची बादली स्वयंपाकघरात हलवली. तिच्या जागी तशीच दुसरी, तेच झाकण, आत गोडं पाणी. कामावर जाताना टाकीतलं मगभर खारं काढून टाकलं. पातळी रेघेच्या बोटभर खाली.

भरायला बाबा आहेत.