टेबलक्लॉथचे चार चिमटे

प्रिय शहाण्या,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या घालू नकोस. गल्लीत तुला सगळे इंजिनिअर म्हणतात, म्हणोत. लहानपणी घरातला चालू रेडिओ उघडून बसलास आणि तो पुन्हा कधी बोलला नाही, तेव्हा मी तुला हे नाव ठेवलं आणि ते काही मी सोडणार नाही. फोनवर तू इथलं हवामान विचारतोस, माझे गुडघे विचारतोस, आणि मी शेडचं नाव काढलं की नेमकी तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच.

आधी गुडघ्यांचं सांगून टाकते, म्हणजे तुझी काळजी मिटेल. गुडघे बरे आहेत. मानेचं काही खरं नाही. तू गेल्यापासून ती खालीच असते. गल्लीतून जाताना मी फरशा बघत चालते, त्यामुळे कुठली फरशी हलते ते आता मला पाठ झालं आहे. लाज वाटते रे, दुसरं काय. दारासमोरून कुणी नुसतं खाकरलं तरी वाटतं, आता विचारतील.

नोकरी सोडून तू आलास तेव्हा मी अशी नव्हते. नाल्याकाठचा तो पिशव्यांचा ढीग आपण सगळेच नाकाला पदर लावून ओलांडायचो. तू सगळ्यांना ओट्यावर गोळा केलंस आणि म्हणालास, हे तेल आहे. बंद पिंपात, हवा न लागू देता, हे तापवायचं. वाफ पाण्यात बुडवलेल्या नळीतून गार करायची. की टोकाला तेल ठिबकायला लागतं. त्यावर लाँड्रीचा बॉयलर चालेल, गॅरेजवाला घेईल, आणि गोळा करणाऱ्या, निवडणाऱ्या, धुणाऱ्या बायकांना घराजवळच कमाई होईल. गॅरेजवाल्यानं त्याची मागची पत्र्याची शेड दिली. लाँड्रीवाल्या वहिनींनी धुवायला हौद दिला. आणि मी? मी भाजी घ्यायला गेले तरी विषय फिरवून फिरवून तुझ्यावर आणायचे. भाजीवाली मला बघून आधीच हसायची.

तुझा तो फळा अजून शेडच्या भिंतीवर आहे. डावीकडे पिंपात चालणारे तुकडे, उजवीकडे न चालणारे: नळाचा पाइप, वायरीचं आवरण, रेक्झिन. उजवीकडचं आत गेलं तर आम्लाची वाफ होते, डोळे जाळते, लोखंड खाते, हे तू बायकांकडून इतक्या वेळा घोकून घेतलंस की वहिनी कपड्यांना इस्त्री करतानासुद्धा पुटपुटायच्या. मलाही सोडलं नाहीस. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा तो सूर्यफुलांचा रेक्झिनचा टेबलक्लॉथ हातात धरून विचारलंस, आई, हा कुठे? मी म्हटलं, उजवीकडे. तू म्हणालास, पास.

दाखवायच्या दिवशी नगरपालिकेचे साहेब आले, गल्ली नटूनथटून उभी राहिली, तू पिंप पेटवलंस. पुढचं तुला माहीतच आहे. तेलाच्या आधी तो धूर आला. घशात काटे रुतल्यासारखं झालं, साहेब रुमाल तोंडाला लावून गाडीत जाऊन बसले, वहिनींचे डोळे लाल झाले ते दोन दिवस उतरले नाहीत. कुठला तरी जोड खाल्ला गेला म्हणालास. पार्ट आणतो, म्हणून त्याच संध्याकाळी बस पकडलीस. मी घरी आले, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो लाकडावर टक्कन वाजला. टेबल उघडं होतं. मोरीचा जुना रेक्झिनचा पडदाही दांडीवर नव्हता.

मी तेव्हाच समजले. पिंप पुरतं भरलं नव्हतं, साहेबांसमोर धार बारीक दिसली असती, म्हणून तू घाईघाईत हाताला लागेल ते कोंबलंस. ज्यानं सगळ्यांना शिकवलं त्यानंच. आणि गल्लीत बायका एकमेकींकडे बघत होत्या, कुणाच्या पिशवीतून चुकून काय गेलं म्हणून. वहिनी तर स्वतःलाच बोल लावत होत्या. मी गप्प बसले.

पार्टला उशीर झाला तसं लोक विचारू लागले. एकदा हौदावर सगळ्यांसमोर वहिनींनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बरं नाही हो त्याला तिकडे. एवढंच. पण आपल्या गल्लीत एक निवृत्त सिस्टर राहतात, हे बोलताना मी विसरले. त्यांनी लगेच विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, पोट दुखतं. पुढच्या आठवड्यात माझ्या तोंडून पाठ निघाली. सिस्टर म्हणाल्या, परवा पोट होतं ना? मी म्हटलं, पोटातूनच पाठीत जातं. त्यांनी मान डोलावली आणि तू तिकडे काय खायचं, काय नाही, ते सगळं सांगितलं. तेव्हापासून मी तुझं दुखणं सांभाळते आहे. कधी उतार पडतो, कधी पुन्हा उचल खातं. गॅरेजवाला म्हणाला, काकू, गाडी काढतो, त्याला आणून मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, प्रवास झेपणार नाही त्याला. आणि त्याच रात्री तू फोनवर सांगत होतास की नव्या नोकरीत ऑफिसच्या क्रिकेटच्या संघात तुला घेतलं.

त्याहून वाईट पिशव्यांचं. गोळा करणं थांबवा, असं कुणी बायकांना सांगितलंच नाही. तू सांगायला हवं होतंस आणि तू नव्हतास. त्या रोज सकाळी निवडून, धुऊन, वाळवून आणलेलं प्लॅस्टिक आपल्या दारात ठेवायच्या, वर विचारायच्या, आज पोट कसं आहे? मी म्हणायचे, जरा बरं आहे, आणि पिशवी तुझ्या खोलीत नेऊन टाकायचे. आधी पलंगाखाली, मग पलंगावर, मग खिडकीपर्यंत. शेवटी दार लोटायला खांदा लावावा लागायचा. पुन्हा एकूण एक तुकडा फळ्याच्या डावीकडचा. एक वायर नाही, एक पाइप नाही. चुकून तरी काहीतरी सापडावं म्हणून मी शोधायचे, सापडलं नाही.

मग गॅरेजवाल्यानं शेडची किल्ली मागितली. म्हणाला, नुसतं पडून गंजेल, साफ तरी करू. दोन दिवस ते सगळे पिंप खरवडत होते. मी तिकडे फिरकले नाही, डोकं दुखतं म्हणून घरात बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी आल्या. पदराच्या गाठीतून काहीतरी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आपल्या टेबलक्लॉथचे चार चिमटे, फुलपाखरांचे. घाईत तू ते काढलेसुद्धा नव्हतेस. रंग पार गेला होता, पत्र्याला खड्डे पडले होते, पण घासून लख्ख केले होते. तुझ्या शाळेपासून त्या माझ्याकडे चहाला येतात, ते चिमटे त्या ओळखणार नाहीत तर कोण? मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. त्या म्हणाल्या, ‘असू द्या, टेबलाला लागतील.’ पायरी उतरल्या, वळल्या आणि रोजच्यासारखंच विचारलं, ‘आज पोट कसं आहे त्याचं?’

त्या गेल्यावर मी टेबलाशी बसून खूप रडले. सगळ्यांना माहीत आहे रे. सिस्टरना तर पोट पाठीत गेलं तेव्हाच कळलं असणार. मला खाली मान घालावी लागू नये म्हणून ही सगळी माणसं रोज तुझं पोट विचारत होती, आणि मी त्यांच्या तोंडावर तुझं दुखणं चढवत-उतरवत होते. तुझी लाज मला वाटतेच, पण माझी त्याहून जास्त वाटते.

गॅरेजवाल्यानं खाल्लेला जोड बदलला, नळी धुतली. तुझ्या खोलीतल्या पिशव्या न्यायला बायका आल्या, तेव्हा माझ्याकडे न बघता आपापसात गप्पा मारत सगळं उचलून घेऊन गेल्या. मंगळवारी पिंप पेटलं. अर्धंच भरलं होतं, वहिनींनी त्याहून जास्त भरू दिलं नाही. धार बारीकच होती, काळपट चहासारखी. कुणाला खोकला नाही, कुणाचे डोळे लाल नाहीत. परवापासून लाँड्रीचा बॉयलर त्या तेलावर चालतो आहे आणि हौदावर हाताखाली अजून दोघी घेतल्या आहेत. माझी जागा फळ्यापाशी आहे. शंका आली की तुकडा माझ्याकडे येतो, मी डावी-उजवी सांगते. पहिल्या दिवशी कुणीतरी रेक्झिनची पर्स दाखवली, तेव्हा मी नुसतं बोटानं उजवीकडे दाखवलं.

आता पत्र कशासाठी ते सांगते. या रविवारी वहिनी, सिस्टर आणि गॅरेजवाला तुझ्याकडे यायला निघणार आहेत. आजाऱ्याला भेटायला. गॅरेजवाल्याची गाडी आहे, सिस्टरनी पथ्याचा डबा करायला घेतला आहे, आणि पहिल्या तेलाची एक बाटली तुला दाखवायला नेणार आहेत. पत्ता मीच दिला, नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला? दार उघडलंस की ते सरळ चेहऱ्यानं विचारतील, पोट कसं आहे. पोट धरून बसू नकोस. घरात नाही असं शेजाऱ्याकरवी सांगू नकोस. वहिनींसमोर उभा राहा आणि टेबलक्लॉथ कुणी घातला ते तुझ्या तोंडानं सांग, कारण मला अजून ते जमलेलं नाही, रोज तोंडापर्यंत येतं आणि परत जातं. त्यानंतर ते काय बोलतील ते ऐकून घे. गाडीत परतीला चौथी जागा रिकामी आहे, हे गॅरेजवाल्यानं मला दोनदा सांगितलं. तुझी खोली रिकामी झाली आहे, पलंग झटकून ठेवला आहे. चिमटे मी उघड्या टेबलाच्या चार कोपऱ्यांना लावून ठेवले आहेत. आलास तर येताना एक टेबलक्लॉथ आण, कापडाचा.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
आई