झाडूगाडीला सूट

सोमवार, ४ मार्च
पुन्हा पावती! एकेरी रस्त्यावर उलटा गेलो म्हणून. पण झाडूगाडीचा ब्रश डाव्या बाजूलाच आहे — उजवी कड झाडायची तर उलटंच जावं लागतं. हवालदारकाका म्हणाले, "कळतं रे मला. पण नियमात झाडू नाही, नुसती गाडी आहे." आधीची पावती पुलावर फार हळू चालवल्याची. आणखी एक झाली की लायसन्स निलंबित — शब्द कोशात पाहून लिहिला. लायसन्स गेलं की नोकरी गेली.

दंड भरायला गेलो. दंडाच्या खिडकीत बसणारी ती मुलगी म्हणाली, "या, आमचं जुनं गिऱ्हाईक!" कान तापले.

मंगळवार, ५
भीतीने उजवी कड झाडलीच नाही. मुकादम ओरडले, "उरलेला रस्ता काय तुझा सासरा झाडणार?"

गुरुवार, ७
मुकादमांनी वाहतूक शाखेच्या साहेबांकडे अर्ज केला होता — कामावरच्या सरकारी गाड्यांना सूट द्या. उद्या सुनावणी. मलाही बोलावलंय. आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली.

शुक्रवार, ८
मिळाली! सूट मिळाली!
साहेबांनी विचारलं आणि माझी बोबडीच वळली. मग हवालदारकाका उठले. "दोन्ही पावत्या मीच फाडल्या, साहेब. हा पोरगा रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला थांबतो. याला दंड करताना मलाच कसंतरी होतं."
काम चालू आणि टपावरचा पिवळा दिवा चालू, तेव्हाच सूट. जुन्या दोन्ही पावत्या रद्द! लायसन्स कोरं!

शनिवार, ९
उलटा गेलो — राजासारखा! एक मोटारवाला बोंबलला, "आंधळा आहेस का रे?" काकांनी शिट्टी फुंकून त्यालाच थांबवलं. "त्याला सूट आहे. तुला आहे का?" दोन्ही कडा लख्ख!

मंगळवार, १२
दंडाचे पैसे परत घ्यायला खिडकीवर गेलो. ती म्हणाली, "आता काही तुम्ही इकडे यायचे नाही."
मी छाती फुगवून म्हणालो, "कधीच नाही!"
ती हसली नाही. खाली बघून पैसे मोजत राहिली.
गाढव आहे मी.

शुक्रवार, १५
आज सुट्टी. स्वतःची स्कूटर घेऊन भर दुपारी नो एंट्रीत शिरलो — मुद्दाम! काकांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. पावती घेतली, खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. तिने मान वर केली.