टेंडरच्या खर्चात ज्वारी कशी आली

ती. स्व. अरुंधती आत्यास,

भार्गवीचा जुन्या जालन्याहून साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पण मनापासून). तुझे गुडघे आणि निखिलदादाचा नवा कुत्रा, दोघेही आता ताळ्यावर आले असतील अशी आशा करते.

परवा फोनवर तू विचारलंस, "टेंडर भरतेयस की लग्न करतेयस?" तेव्हा ऑफिसात माणसं होती, म्हणून फोन आटोपता घेतला. आता सविस्तर लिहिते. तू दिलेला पैसा मी उधळलेला नाही. घनसावंगीकडच्या एका साखर कारखान्याला ऊसतोडीच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर हवं आहे. माझा भागीदार कल्याण तीर्थपुरीचा. गेल्या साली त्यांच्या उसाला तुरे आले, तरी तोड कधी येणार हे कुणालाच सांगता येईना. म्हणून हे काम आम्हीच करायचं, पुण्याच्या कंपनीला जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही पक्कं ठरवलं आहे.

पहिला खर्च लॅपटॉपचा. कारखाना पाहायला आम्ही शेअर जीपनं निघालो. अंबडला साळूबाई नावाच्या एक भारदस्त बाई चढल्या आणि थेट माझ्या बॅगेवर बसल्या. वाटेत त्यांनी मुलीच्या बाळंतपणाची हकीकत सांगितली (इतकी रंगवून, की बॅग कुठे आहे हे मी विसरूनच गेले). उतरताना बॅग झटकून हातात देत म्हणाल्या, "लई कडक गादी हाय, पोरी." स्क्रीन नवी टाकावी लागली. त्यानंतर आम्ही अख्खी जीप भाड्यानं करू लागलो. त्याला तू चैन म्हणतेस, मी विमा म्हणते.

आता ज्वारी. टेंडर ऑनलाइन भरायचं, त्यावर डिजिटल सही लागते. ती सही पेनड्राइव्हसारख्या एका चावीत असते, आणि शेवटच्या दिवशी ती चावी आमच्या एकाही लॅपटॉपवर चालेना. कल्याणला आठवलं, गल्लीतले धान्याचे व्यापारी बद्रीनाथशेठ आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर अशीच सही वापरतात. धावत गेलो. दुकानात ऐन गर्दी होती. मी भाडं देऊ केलं, तर शेठ शांतपणे म्हणाले, "आपण कॉम्प्युटर भाड्यानं देत न्हाई, ताई. गिऱ्हाईक त्यावर बसलं तर आपली ना न्हाई. काही घेता का?"

आम्ही ज्वारीचं एक पोतं घेतलं. सही पहिल्याच फटक्यात चालली, पण मोठी फाइल चढेना, म्हणून अजून थोडा वेळ बसता यावं यासाठी आणखी एक पोतं घेतलं. मंग टेंडर भरलं गेलं, मुदत संपायच्या जरा आधी. घामानं भिजलेला कल्याण पोत्यावरच बसला आणि त्याला एकदम हसू फुटलं. मलाही. आत्या, त्या क्षणी कुणी तिसरं पोतं गळ्यात मारलं असतं, तरी मी घेतलं असतं.

तेव्हा खर्च बराबर आहे. एक रुपयाही जास्तीचा मागत नाही.

तुझी,
भार्गवी

ता. क. हिशेबतपासणीचा दांडगा अनुभव असलेली एक व्यक्ती टेंडरमध्ये दाखवायची होती. तू बँकेत जन्मभर तेच केलंस, म्हणून तुझं नाव लिहिलं. विचारायचं राहून गेलं.

आणखी एक. सोमवारी कारखान्याच्या समितीपुढे तुला हजर राहायचं आहे. जीप दाराशी येईल. टेंडरमधल्या आमच्या बाकी सगळ्या खर्चाला त्यांनी मान्यता दिली. शंका एकाच ओळीवर काढली आहे. तुझ्या मानधनापुढे मी 'विनामूल्य' लिहिलं होतं. एवढी अनुभवी बाई फुकट कशी काय काम करते, याचं समर्थन तेवढं तू येऊन कर.