पुढे सव्वादोनशे, मागे दोनशे पंचावन्न

२४ मे, शनिवार. कुंडल
आजपासून रोज लिहायचं. मन मोकळं होतं म्हणतात. माझं मोकळंच आहे, तरी लिहायचं.

राजेश्वरी पोरीला, राजनंदिनीला, घेऊन वडूजला माहेरी गेली, त्याला आज दहा दिवस झाले. उन्हाळ्याची सुट्टी आहे, बायको माहेरी जाणारच. जाताना म्हणाली, आबा गेल्यापास्नं तुमी घरात असून नसल्यागत हायसा. शाळा सुरू व्हायच्या आत सोता न्यायला या, न्हाईतर पोरीचं नाव मी तिकडंच घालते. शाळा सोळा जूनला. म्हणजे तेवीस दिवस. भरपूर आहेत.

आबा, म्हणजे माझे वडील, डिसेंबरात गेले. मला तसं काही झालेलं नाही. रक्षाविसर्जन उरकून त्याच दुपारी मी उसाला पाणी पाजत होतो. फेब्रुवारीत गाडी घेतली. सेकंडहँड, टर्बो, दोनशे घोडे. आता ज्या माणसाला काही झालंय तो गाडी घेईल का?

निश्चय : न्यायला जायचं ते नव्या टायरवर. पुढे २२५ मिलिमीटर रुंद, मागे २५५. याला स्टॅगर्ड सेटअप म्हणतात. कुंडलमध्ये कोणाचाच नाही. पलूसमध्येही नसावा.

२५ मे, रविवार
गाडीचा जोर मागच्या चाकात असतो. हे मला गाड्यांच्या व्हिडिओवाल्यांनी नाही, आबांनी शिकवलं. मी सात-आठ वर्षांचा असताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून म्हणायचे, मागलं चाक बघ कसं हाय, समदी ताकद तितं. तेव्हापासून पक्कं आहे.

आईला सगळं समजावून सांगितलं. रुंदी, ग्रिप, कॉर्नरिंग. आई म्हणाली, राजेश्वरीला फोन केलास का? म्हणजे तिला काहीच समजलं नव्हतं.

२८ मे, बुधवार
पलूसला जयराजच्या दुकानात गेलो. तो एरवी उसाच्या ट्रॉलीचे टायर बसवतो, पण हात चांगला आहे. म्हणाला, दादा, चारी सारखेच घ्या की. म्होरलं मागं, मागलं म्होरं करत गेलं की लय चालत्यात. ह्ये असं घेतल्यावर अदलाबदल हुईत न्हाई, स्टेपनी तर कुठंच बसायची न्हाई. मी म्हणालो, परफॉर्मन्स. त्याने वहीत साईज लिहून घेतली. पटलं असावं. ऑर्डर दिली. आठ दिवस लागतील.

दुकानात असतानाच वडूजहून फोन आला. तिथे कॉम्प्रेसरचा आवाज असतो. घेतला नाही. संध्याकाळी करायचा.

२९ मे
संध्याकाळी केला नाही. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. आधी ठरवायचं, मग करायचा.

२ जून, सोमवार
विचार केला, उगाच ताणायचं नाही. आमच्या ट्रॅक्टरवरच्या भाऊसोला जीप देऊन वडूजला पाठवला. स्वतः जाणं आणि भाऊसोला पाठवणं यात तत्त्वतः फरक नाही. जीप आपलीच आहे.

सात वाजता एकटाच परत आला. राजेश्वरीने त्याला पोटभर जेवू घातलं, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि निरोप दिला : मालकास्नी म्हनावं, ऊस न्हाई भरून न्यायचा, मानसं हाईत.

चटणी पाठवली म्हणजे राग नाही.

६ जून
मागचे दोन आले. पुढचे दोन नाहीत. मागचे पाहून आलो. काय रुंदी! अर्धा तास पाहत उभा होतो. आनंद व्हायला हवा होता. होईल, गाडीला बसल्यावर.

९ जून, सोमवार
बसले!

एक किरकोळ गोष्ट. गाडी वर उचललेलीच होती, जयराजने सहज स्टार्ट करून गिअर टाकला. पुढची चाकं गरागरा फिरायला लागली. मागची जागेवर. मला वाटलं, त्यांना वेळ लागत असेल. थांबलो. जयराज म्हणाला, आवं दादा, ही गाडी म्होरनं वढती. मागली नुसती मागनं येत्यात. मी म्हणालो, मला माहीत आहे.

माहीत नव्हतं.

तरी विचाराअंती असं वाटतं की गाडी पुढून ओढत असेल तर मागे काहीतरी भक्कम हवंच. दिसतेही चांगली. कोणाला सांगू नकोस, असं जयराजला बजावलं. घरी पोहोचलो तर भाऊसो विचारतो, मालक, म्होरनं वढती म्हनं?

११ जून, बुधवार
मागचा टायर खड्ड्यात मडगार्डला घासतो. पण फक्त मागच्या सीटवर वजन असेल तर. प्रयोग केला. युरियाचं भरलेलं पोतं, पंचेचाळीस किलो : घासतो. त्यातलं पंधरा काढून, तीस किलो : घासत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच की राजनंदिनीचं वजन किती.

आईला विचारलं. आई म्हणाली, बाप तू हायस का मी? फोन करून इचार की पोरीला. नुसतं वजन विचारायला फोन कसा करणार? अंदाजे बावीस धरलं. दप्तर धरून पंचवीस. तिसरीत आहे. नाही, चौथीत जाणार. राजेश्वरी पुढे बसेल, बॅगा तिच्या मांडीवर. मावतात सगळे.

१२ जून, गुरुवार
राजेश्वरीचा भाऊ शिवतेज मोटारसायकलवर आला. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला आहे, सुट्टीवर आलाय. राजनंदिनीचा इथल्या शाळेतून दाखला काढायचा अर्ज घेऊन आला होता. वडिलांची सही हवी.

कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, दाजी, सही करू नगा. आसंच गाडीत बसा आन् माझ्या मागनं चला. ताई वाट बघती. तोंडानं म्हनायची न्हाई, पर बघती.

मी म्हणालो, चाकांची अलाइनमेंट राहिली आहे. कराडला शनिवारची वेळ मिळालीय. टायर नवीन असताना अलाइनमेंटशिवाय लांब नेली तर झिजतात. मग त्याने पेन दिलं. सही केली. तात्पुरती आहे. दाखला काय, परतही आणता येतो.

जाताना त्याने गाडीला एक चक्कर मारली. फौजी माणूस, त्याला सगळं कळलं असणार. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

त्यानंतर काही वाटलं नाही. जेवलो. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

१४ जून
अलाइनमेंटचं मशीन बंद. मंगळवारी या म्हणाले.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू झाली. सकाळी रस्त्याने पोरं चालली होती. त्यांच्याकडे न बघता गाडीला पॉलिश केलं. पहिल्या दिवशी कुठे शिकवतात?

१७ जून
अलाइनमेंट झाली. गाडी एकदम सरळ चालते. निश्चय : उद्या सकाळी सहा.

बोलायचं ठरवलं. एकच वाक्य. माझं चुकलं, चल घरी.

१८ जून, बुधवार. दुपारी, वडूज
बाजारपेठेत गाडी लावून लिहितोय.

सकाळी निघालो. विटा, मायणी. मायणीपर्यंत वाक्य पाठ झालं होतं. सासरवाडीच्या दारात नवा मुरूम टाकलाय, चढ आहे. तिथे पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. सासरे नानासो आणि शिवतेज या दोघांनी ढकलून गाडी वर घेतली. सासरे धापा टाकत म्हणाले, या, पाव्हणं, या. टायर कोणी पाहिले नाहीत.

राजेश्वरी पाणी घेऊन बाहेर आली. वाळली आहे. माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी म्हणालो, अलाइनमेंटमुळे उशीर झाला.

वाक्य तोंडात होतं. निघालं ते हे.

तिने तांब्या खाली ठेवला. म्हणाली, चा घ्या. सोमवारीच नाव घातलं पोरीचं. आज शाळंला उशीर झालाय तिला, तेवढी सोडून या. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज बँकेतल्या बाईसारखा होता.

राजनंदिनी नव्या युनिफॉर्ममध्ये मागच्या सीटवर बसली. दोन वेण्या, लाल रिबिनी. उंच झाली आहे. वजन विचारलं. एकतीस म्हणाली. शाळेपर्यंत टायर घासत होता, तिने विचारलं, कसला आवाज येतोय? मी म्हणालो, काही नाही. मला तिला खूप काही विचारायचं होतं, पण काय विचारतात ते मला येत नाही.

गेटवर तिच्या नव्या बाई उभ्या होत्या. गाडीकडे बघून त्यांनी तिला विचारलं, आज कोन गं आलंय सोडायला? ती म्हणाली, पाव्हणं आल्यात आमच्यात. कुंडलचं.

लाजली नाही, अडखळली नाही. सकाळपासून घरात तेच ऐकत होती, तेच म्हणाली. बाईंनी मला नमस्कार केला. मीही केला. मी बाप आहे, असं सांगितलं नाही. बेल झाली आणि ती आत पळाली.

मग मी गाडीत बसून रडलो. चांगला अर्धा तास. आबांचंही त्यातच रडून झालं बहुतेक. छातीत इतकं दुखत होतं की मला वाटलं हा दुसरा काहीतरी आजार असेल. शेवटी शाळेचा शिपाई काचेवर टकटक करून म्हणाला, पाव्हणं, गाडी म्होरं घ्या, गेट अडलंय.

घेतली.